यंत्रनगरीतले शुभवर्तमान

‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ हा अमेरिकी चित्रपट १९५१ सालचा. परग्रहावरून आलेला क्लाटू वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयातून निसटतो, तेव्हा त्याच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी सूट असतो. बाहीला लाँड्रीवाल्याची चिठ्ठी तशीच लटकलेली असते आणि तिच्यावर सुटाच्या मालकाचे नाव असते, मेजर कार्पेंटर. तेच नाव सांगून तो एका साध्या घरात भाडेकरू म्हणून राहतो. त्या घरातल्या लहान मुलाशी त्याची गट्टी जमते. पुढे सैनिक त्याला गोळ्या घालतात. पोलिसांच्या कोठडीतून त्याचा मृतदेह गॉर्ट नावाचा यंत्रमानव उचलून यानात आणतो, क्लाटू पुन्हा जिवंत होतो, जमलेल्यांना अखेरचे चार शब्द सांगतो आणि आकाशात निघून जातो.

वरून आलेला, सुताराचे नाव धारण करणारा, मारला गेलेला, उठलेला आणि वर गेलेला हा पाहुणा कुणाची आठवण करून देतो हे बायबल उघडलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी हे साम्य जाणूनबुजून रचले होते. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनाही त्यांनी त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. प्रेक्षकाला उघड काही कळू नये, पण आत कुठेतरी ते झिरपावे, एवढीच नॉर्थ यांची इच्छा होती. लोकांनी दाखवून देईपर्यंत ही गोष्ट आपल्या ध्यानातच आली नव्हती, असे वाइज पुढे सांगत.

हॉलिवूडच्या आचारसंहिता कार्यालयाच्या लक्षात मात्र ती आली. यंत्राने मेलेल्याला उठवावे हे त्या कार्यालयाला मान्य होईना, कारण जीवदान हा देवाचा अधिकार. म्हणून क्लाटूच्या तोंडी एक वाक्य घालण्यात आले. आपल्याला मिळालेले हे आयुष्य थोड्या काळापुरतेच आहे, जीवन-मरणाची खरी सत्ता सर्वसमर्थ आत्म्याकडेच आहे, अशा आशयाचे ते वाक्य आहे. धर्माच्या आदरापोटी आलेल्या या एका वाक्याने क्लाटू ख्रिस्तापासून एक पाऊल दूर गेला. माझ्या मते ते योग्यच झाले, पण त्याचे कारण वेगळे आहे. क्लाटूचा अखेरचा उपदेश नीट ऐकावा. तुमची हिंसा अंतराळात आणलीत तर आमचे यंत्रमानव तुमच्या पृथ्वीची राख करतील, असे तो बजावतो. इथे शांतता टिकते ती न चुकणाऱ्या, न थकणाऱ्या शिक्षेच्या धाकाने. अणुबॉम्बच्या सावलीत जगणाऱ्या १९५१ च्या माणसाला ते पटले असेल. खूण सुताराच्या मुलाची आहे, निरोप दुसऱ्याच कुणाचा.

विज्ञानपटांत ख्रिस्ती अर्थ शोधणारे बहुतेक लेखन या पहिल्या पायरीवरच थांबते. नायक दुसऱ्या जगातून आला का, त्याचा जन्म अलौकिक आहे का, त्याची आद्याक्षरे येशू ख्रिस्ताच्या इंग्रजी नावाशी जुळतात का, मरताना त्याने हात फैलावले का, तो परत उठला का, अशी जणू एक तपासयादीच तयार झाली आहे. या यादीला ‘टर्मिनेटर’मधला जॉन कॉनर उतरतो, सुपरमॅन उतरतो, ‘एलियन ३’च्या शेवटी हात पसरून भट्टीत झोकून देणारी रिप्लीही उतरते. एवढे सगळे उतरतात म्हटल्यावर त्या यादीने फारसे काही सिद्ध होत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा येशूच्या बाह्य खुणांत कधीच नव्हता. सामर्थ्य असून ते बाजूला ठेवणे, शत्रूला वाचवणे, लायकी न पाहता दिलेली कृपा, आशेला काही आधार उरलेला नसताना धरलेली आशा, या गोष्टींत तो आहे. तेव्हा कोण ख्रिस्तासारखा दिसतो यापेक्षा पडद्यावर ख्रिस्तासारखे काय घडते, हे पाहायला हवे.

परक्या कथेत आपल्या श्रद्धेचा अर्थ शोधायची रीत चर्चइतकीच जुनी आहे. अथेन्सच्या अरियपगावर उभे राहून पौलाने ग्रीक कवींच्याच ओळींचा आधार घेतला होता, हे ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सतराव्या अध्यायात आले आहे. संत ऑगस्टीन यांनी तर या कामासाठी एक दाखलाच देऊन ठेवला. इस्राएली लोक मिसरमधून निघताना तिथले सोने-रुपे बरोबर घेऊन निघाले आणि ते त्यांनी आपल्या देवाच्या कामी लावले, तसे परधर्मीयांच्या ग्रंथांतले सत्य ख्रिस्ती माणसाने निःसंकोच घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. रोमन कवी व्हर्जिल याने ख्रिस्तजन्माच्या सुमारे चाळीस वर्षे आधी एका अद्भुत बालकाच्या जन्माचे काव्य लिहिले होते. पुढच्या काळातल्या ख्रिस्ती वाचकांना त्यात येशूचे भाकीत दिसले. पण त्याच काळात संत जेरोम यांनी अशा वाचनाला पोरखेळ म्हणून झिडकारले. अर्थ शोधण्याची ओढ आणि तो ओढूनताणून काढण्याचा धोका ही दोन्ही तेव्हापासून बरोबरच चालत आली आहेत.

आपल्याकडे ही वाट उलट दिशेनेही चालली गेली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट धर्मगुरूने येशूची कथा मराठी ओवीत, पुराणाच्या घाटात बसवली आणि १६१६ साली गोव्यात राचोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हणायलाही त्यांना अडचण वाटली नाही. शुभवर्तमान परक्या रूपात शिरू शकते, हे त्या ग्रंथाने मराठीत चारशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले. विज्ञानपट हेही असेच एक परके रूप आहे. फरक इतकाच की स्टीफन्स यांना आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक होते, चित्रपट करणाऱ्यांना ते दर वेळी ठाऊक असतेच असे नाही.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई.टी.’ची (१९८२) गोष्ट तशीच. आभाळातून आलेला जीव मुलाच्या बोटावरची जखम नुसत्या स्पर्शाने बरी करतो, मरतो, उठतो, निरोप देऊन वर निघून जातो. दोन बोटे एकमेकांना टेकू पाहणारे त्याचे पोस्टर तर मायकेलअँजेलोच्या सिस्टिन चॅपेलमधल्या आदामाच्या निर्मितीवरूनच घेतलेले. पण ही ख्रिस्तकथा आहे का असे विचारले की ज्यू घरात वाढलेले स्पीलबर्ग आपल्या आईचा हवाला देत. त्यांची आई लॉस एंजेलिसमध्ये ज्यू आहारनियमांचे उपाहारगृह चालवत असे. मी ख्रिस्ती दृष्टांत पडद्यावर आणला असे तिला कुठल्या तोंडाने सांगू, असा त्यांचा सवाल. पटकथा लिहिणाऱ्या मेलिसा मॅथिसन यांचे शिक्षण मात्र कॅथलिक शाळेत झाले होते. कथेला आकार कुठून येतो हे कर्त्यालाही पूर्णपणे सांगता येत नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

‘द मॅट्रिक्स’मध्ये अशी संदिग्धता नाही, तिथे खुणांची रासच आहे. चित्रपट अमेरिकेत ३१ मार्च १९९९ रोजी, ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात प्रदर्शित झाला. नायिकेचे नाव ट्रिनिटी, म्हणजे पवित्र त्रैक्य. माणसांचे शेवटचे शहर झायन. जहाजाला बाबिलोनच्या राजाचे, नबुखद्‌नेस्सराचे नाव आणि त्यावरच्या पाटीवर मार्क ३, क्रमांक ११ अशी नोंद. मार्कच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायाचे अकरावे वचन काढून पाहावे, तिथे अशुद्ध आत्मे येशूपुढे पडून तो देवाचा पुत्र असल्याचे ओरडून सांगतात. सुरुवातीलाच एक गिऱ्हाईक नायक निओला आपला तारणारा म्हणतो. साथीदारांतला एक जण जेवणाच्या टेबलावर बसून त्याचा घात ठरवतो. निओ मरतो आणि उठतो.

एवढे असूनही या पहिल्या भागाला ख्रिस्ती कथा म्हणायला माझे मन तयार नाही. एक तर त्यातले जग हा फसवणुकीचा तुरुंग आहे आणि सुटका होते ती गुप्त ज्ञानाने, डोळे उघडल्याने. दुसऱ्या शतकात असेच शिकवणारे ज्ञानवादी पंथ होते आणि लियाँचे बिशप इरेनियस यांनी त्यांच्याविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. बायबलच्या पहिल्याच पानावर देव आपण घडवलेले जग पाहतो आणि ते त्याला चांगले वाटते. ख्रिस्ती माणसाला या जगातून पळून जायचे नसते. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. आपल्या गुरूला सोडवायला निओ आणि ट्रिनिटी अंगभर बंदुका लपवून एका इमारतीच्या दालनात शिरतात आणि समोर येईल त्या पहारेकऱ्याला टिपत जातात. संगमरवराचे तुकडे उडतात, प्रेक्षक खूश होतो. गेथशेमाने बागेत येशूला पकडायला लोक आले, तेव्हा त्याच्या एका शिष्यानेही तलवार उपसून मुख्य याजकाच्या दासाचा कान कापला होता. येशूने तलवार म्यान करायला लावली आणि लूक सांगतो त्याप्रमाणे त्या दासाच्या कानाला हात लावून तो बरा केला. पकडायला आलेल्याचा कान बरा करणारा तारणारा आणि पहारेकऱ्यांचा सडा पाडणारा तारणारा यांच्यात जे अंतर आहे, ते पाटीवरच्या अध्याय-क्रमांकाने भरून निघत नाही.

तिसऱ्या भागात, ‘द मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स’मध्ये (२००३), निओ बदलतो. डोळे गमावलेला, हाती शस्त्र नसलेला निओ यंत्रांच्या नगरीत जातो, माणसे आणि यंत्रे या दोन्ही बाजूंसाठी तह मागतो आणि शेवटी शत्रूचा प्रतिकारच थांबवतो. केबलींवर तोललेले त्याचे शरीर हात पसरून पडलेले असते, त्यातून क्रुसाच्या आकाराचा उजेड फुटतो आणि काम पुरे झाले असे यंत्राचा आवाज सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानातले क्रुसावरचे अखेरचे उद्गार त्यामागे स्पष्ट ऐकू येतात. लोकांना हा भाग पहिल्याइतका आवडला नाही. ख्रिस्ती अर्थाच्या दृष्टीने मात्र तो पहिल्याच्या कितीतरी पुढे आहे. याच भागातल्या शेवटच्या लढाईला संगीतकार डॉन डेव्हिस यांनी जो समूहस्वर दिला आहे, त्यात बृहदारण्यक उपनिषदातली अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना आहे. मराठी प्रेक्षकाने कान देऊन ऐकले तर शाळेच्या प्रार्थनेतले ते शब्द त्याला तिथे सापडतील.

विज्ञानपटाच्या अगदी मुळाशी गेले तरी बायबल भेटते. फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) हा जर्मन मूकपट. वर श्रीमंतांच्या बागा, खाली यंत्रे आणि त्याखाली कामगारांची वस्ती. नगरीच्या सत्ताधीशाचा मुलगा फ्रेडर वरून खाली उतरतो, एका थकलेल्या कामगाराची जागा घेतो आणि घड्याळासारख्या अवाढव्य यंत्राच्या काट्यांना हात ताणून लोंबकळत आपल्या बापाला हाक मारतो. भुयारात उंच क्रुसांपुढे मारिया नावाची तरुणी कामगारांना बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट सांगते आणि मध्यस्थ येईल, धीर धरा, असे समजावते. तिच्या रूपाचे यंत्र बनवले जाते, तेव्हा ते प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या बाबिलोनच्या स्त्रीसारखे सात मुंडक्यांच्या पशूवर बसून येते. शेवटी कॅथीड्रलच्या दारात फ्रेडर मालक आणि मुकादम यांचे हात मिळवून देतो.

या कथेच्या लेखिका, लांग यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांचे मराठी माणसाशी पुढे जवळचे नाते जुळले. लांग यांच्याशी १९३३ साली घटस्फोट झाल्यावर त्यांनी बेळगावजवळच्या बेळगुंदीचे, शिक्षणासाठी जर्मनीत गेलेले आयी गणपत तेंडुलकर यांच्याशी गुपचूप विवाह केला. दुसरे महायुद्ध पेटण्याच्या सुमारास तेंडुलकर भारतात परतले आणि ते सहजीवन तिथेच संपले.

‘मेट्रोपोलिस’मध्ये मध्यस्थाची, खाली उतरून आलेल्या पुत्राची कल्पना आहे, ती पुरती ख्रिस्ती आहे. शेवट मात्र मला अपुरा वाटतो, लांग यांनाही तो पुढे पटेनासा झाला होता. हात मिळवले, पण भुयारातल्या वस्तीचे काय, दहा तासांच्या पाळीचे काय, याविषयी चित्रपट मौन बाळगतो. लूकच्या शुभवर्तमानात मरिया जे स्तोत्र गाते, त्यात देव सत्ताधीशांना सिंहासनावरून खाली ओढतो आणि भुकेल्यांना तृप्त करतो. नाव मारियाचे घ्यायचे आणि तिच्या स्तोत्रातला हा भाग सोडून द्यायचा, हे काही खरे नाही.

आता ‘ब्लेड रनर’ (१९८२). रिडली स्कॉट यांच्या या चित्रपटात रॉय बॅटी हा माणसाने बनवलेला माणूस आहे. ताकद आणि बुद्धी अफाट, आयुष्य फक्त चार वर्षांचे. ते वाढवून मागायला तो आपल्या निर्मात्यापुढे, टायरेलपुढे येऊन उभा राहतो. टायरेल त्याला उधळ्या पुत्राची उपमा देऊन जवळ घेतो, पण त्याच्याकडे देण्यासारखे काही नाही. बॅटी त्याचे चुंबन घेतो आणि त्याच हातांनी त्याची कवटी चिरडतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातली बाप-लेकाची भेट इथे पार उलटी झाली आहे. ज्या बापापाशी क्षमा नाही आणि जीवनही नाही, त्याच्याकडे परतून लेकाने करायचे काय?

आणि मग ते गच्चीवरचे दृश्य येते. पाऊस कोसळतो आहे. बॅटीला मारायला आलेला डेकार्ड तुळईला लोंबकळतो आहे, बोटे सुटत आली आहेत. बॅटीचे मरण जवळ आले आहे, हात बधिर होऊन आखडू लागला आहे. तो हात ताब्यात राहावा म्हणून बॅटीने थोड्याच वेळापूर्वी एक गंजका खिळा उपसून स्वतःच्या तळव्यातून आरपार घातला आहे. डेकार्डची पकड सुटते त्या क्षणी खिळा रुतलेला तो हात पुढे येतो, त्याचे मनगट धरतो आणि त्याला वर खेचतो. मारेकऱ्याला वाचवून बॅटी खाली बसतो, आपण काय काय पाहिले ते थोडक्यात सांगतो आणि मान टाकतो. दुसऱ्या हातातले पांढरे कबुतर उडून जाते.

खिळा आणि कबुतर या दोन वस्तू तपासयादीवाल्यांच्या हाती आयत्या लागतात. पण त्या काढून घेतल्या तरी या दृश्यातले काहीच उणे होत नाही. बॅटीने खून केले आहेत. डेकार्डने त्याच्या सोबतिणींना मारले आहे. हिशेब सूडाकडे बोट दाखवतो आहे आणि बॅटीकडे तेवढी ताकदही आहे. तरी तो हात पुढे करतो. का, ते तो सांगत नाही. मागितलेली नाही, कमावलेली नाही अशी कृपा ख्रिस्ती शिकवणीत केंद्रस्थानी आहे आणि ती इथे एका पाप्याच्या हातून दुसऱ्या पाप्यापर्यंत पोचते. माझ्या लेखी निओच्या सगळ्या उड्डाणांपेक्षा या एका मनगटाच्या पकडीत शुभवर्तमान अधिक आहे.

मनोज नाइट श्यामलन यांचा ‘साइन्स’ (२००२) श्रद्धेविषयी थेट बोलतो. श्यामलन यांचा जन्म आपल्याच देशातला, माहे इथला. ते हिंदू घरातले, पण फिलाडेल्फियाजवळ कॅथलिक शाळेत शिकलेले. पत्नी अपघातात गेल्यावर पाद्रीपद सोडून दिलेला शेतकरी, परग्रहवासींचे आक्रमण आणि शेवटी प्रत्येक योगायोगामागे देवाची योजना असल्याचा उलगडा. मुलाचा दमा, मुलीने घरभर ठेवलेले पाण्याचे पेले, मरत्या पत्नीचे असंबद्ध वाटणारे शब्द हे सगळे एका रात्रीत एकमेकांत बसते. चित्रपट बांधेसूद आहे, पण दुःखाचे इतके चोख उत्तर मला पटत नाही. बायबलमधल्या ईयोबाला देवाने असे उत्तर दिलेले नाही. त्याची मुले का मेली हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही, तरी तो देवाशी बोलणे तोडत नाही. ‘कॉन्टॅक्ट’मधली (१९९७) खगोलशास्त्रज्ञ एली या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. पुराव्यावाचून काही न मानणाऱ्या तिला असा अनुभव येतो, ज्याचा पुरावा तिच्या हाती नसतो. अनुभव नाकारता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही, एवढेच चौकशी समितीपुढे सांगून ती थांबते.

आल्फोन्सो क्वारोन यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’कडे (२००६) मी पुन्हा पुन्हा वळतो. साल २०२७. अठरा वर्षांत पृथ्वीवर एकही मूल जन्मलेले नाही. शाळा ओस पडल्या आहेत, ब्रिटनमध्ये निर्वासितांना पिंजऱ्यांत कोंडले जाते. मूळ कादंबरी पी. डी. जेम्स यांची, १९९२ सालची. जेम्स श्रद्धावान अँग्लिकन होत्या, शीर्षक त्यांनी नव्वदाव्या स्तोत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून घेतले आणि कादंबरीच्या शेवटी नायक थिओ नवजात बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतो. क्वारोन यांनी कथा पुष्कळ बदलली, उघड धार्मिक भाग गाळला. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, ख्रिस्तजन्माची कथा चित्रपटात खोलवर राहिली.

की नावाची आफ्रिकी निर्वासित तरुणी थिओला गोठ्यात बोलावते. भोवती गाई. यंत्राला नीट बसावेत म्हणून गाईंचे सड कसे कापतात, हे ती आधी सांगते. मग अंगावरचे वस्त्र उतरवून आपले भरलेले पोट त्याला दाखवते. थिओच्या तोंडून नकळत येशूचे नाव बाहेर पडते. इंग्रजी बोलणारा माणूस आश्चर्याने जे सवयीने म्हणतो तेच तो म्हणाला, पण त्या गोठ्यात त्या नावाला अचानक पुरा अर्थ येतो. बाळाचा बाप कोण, हे कथेला महत्त्वाचे वाटत नाही. तिला सुखरूप पोचवणे हे थिओचे काम आहे, योसेफासारखे.

शेवटाकडे बेक्सहिलच्या निर्वासित छावणीत लढाई पेटते. कॅमेरा न तुटता थिओच्या मागे धावतो, भिंगावर रक्ताचे थेंब उडतात आणि काही वेळ तसेच राहतात. गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारतीत तो वर चढतो, की आणि बाळ सापडतात आणि बाळ रडू लागते. जिन्यावरचे लोक ओळीने बाजूला होतात. कुणी बाळाच्या पायाला हात लावू पाहते. बंदुका रोखलेले सैनिक एकमेकांना गोळीबार थांबवायला ओरडून सांगतात. एखादा गुडघे टेकतो, एखादा क्रुसाची खूण करतो. अठरा वर्षांत त्यांनी हा आवाज ऐकलेला नाही. काही क्षण संपूर्ण युद्ध थांबते. ती तिघे रस्त्यापर्यंत येतात न येतात तोच तोफगोळा फुटतो आणि सगळे पुन्हा सुरू होते.

युद्ध पुन्हा सुरू होते हे क्वारोन यांनी दाखवले, म्हणून मला हे दृश्य खरे वाटते. बेथलेहेमच्या जन्मानंतरही हेरोद राजाचे सैनिक आलेच होते. ख्रिस्ती आशा जग सुधारल्याची बातमी देत नाही. अंधार तसाच असताना त्यात एक बाळ आले आहे, एवढेच ती सांगते. थिओ होडीतच प्राण सोडतो, समोरून येणाऱ्या जहाजाचे नाव ‘टुमॉरो’ असते. चित्रपट अमेरिकेत २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी प्रदर्शित झाला आणि श्रेयनामावलीच्या अखेरीला शांतिमंत्राचा त्रिवार उच्चार इंग्रजी अक्षरांत उमटतो.

सिनेमाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली होती. धर्म, मूल्ये आणि कला असे तीन विभाग, प्रत्येकात १५ चित्रपट. ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ यांना जागा मिळाली ती कला विभागात. आंद्रेई तारकोवस्की या रशियन दिग्दर्शकाचे दोन चित्रपट धर्म विभागात आले, पण त्याचा ‘स्टॉकर’ (१९७९) त्यांत नव्हता. माझ्या हाती असते तर तो मी पहिला घातला असता.

हा चित्रपट देव न मानणाऱ्या राजवटीत, सोव्हिएत संघात तयार झाला. स्त्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीवरून, टालिनजवळच्या ओसाड वीजकेंद्रांच्या परिसरात. सैन्याने वेढलेला एक निषिद्ध प्रदेश आहे, त्यात एक खोली आहे. तिथे जाणाऱ्याची मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी होते. स्टॉकर हा तिथवर नेणारा वाटाड्या. तो एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला घेऊन निघतो. यानांचा, यंत्रांचा, परग्रहवासींचा मागमूस नाही. ओले गवत, गंजलेले लोखंड, साचलेले पाणी. पाण्याच्या तळाशी सिरिंज, नाणी, बंदूक आणि व्हॅन आइक बंधूंच्या घेंट येथील वेदीचित्रातला बाप्तिस्मा करणारा योहान. वाटेत तिघे ओल्या जमिनीवर पडून असताना स्टॉकर अम्माऊसच्या वाटेवरच्या दोन शिष्यांचा उतारा पुटपुटतो. पुनरुत्थित येशू त्यांच्याबरोबर चालत असतो आणि ते त्याला ओळखत नाहीत, असा तो लूकमधला प्रसंग. नावे तो गाळतो. बोलता बोलता कॅमेरा झोपलेल्या दोघा सोबत्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो आणि त्यांचे डोळे उघडतात.

स्टॉकर दुबळा, भित्रा, रडवेला माणूस आहे. सामर्थ्य काही कामाचे नाही, दुबळेपणाच थोर आहे, कोवळे ते जिवंत आणि कठीण ते मेलेले, असे तो मनाशी म्हणतो. हा विचार चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेचा आहे. पण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलही त्याच जागी येऊन पोचतो. देवाचे सामर्थ्य अशक्तपणातच पूर्ण होते हे त्याला प्रार्थनेच्या उत्तरात कळले होते, आणि तेही शरीरातला काटा काढून टाकण्याची विनंती नाकारली गेल्यावर. लेखक एका ठिकाणी काट्यांचा मुकुट डोक्यावर चढवतो. मुकुट चढवला म्हणून तो ख्रिस्त होत नाही, उलट आपल्या वेदनेचा त्याला केवढा अभिमान आहे हे उघडे पडते.

खोलीच्या उंबऱ्यावर पोचल्यावर कुणीही आत जात नाही. कारण वाटेत त्यांनी एका जुन्या वाटाड्याची गोष्ट ऐकली आहे. तो मेलेल्या भावाला परत मागायला आत गेला आणि घरी आला तर त्याला पैसा मिळाला. खरी इच्छा तीच होती. त्याने गळफास घेतला. आपण तोंडाने मागतो ते वेगळे आणि मनाने मागतो ते वेगळे, हे समजल्यावर उंबरा ओलांडायला धैर्य लागते. खोली उडवून द्यायला प्राध्यापकाने बॉम्ब आणलेला असतो, तो त्याचे भाग सुटे करून पाण्यात टाकतो. तिघे उंबऱ्यापाशी बसून राहतात, खोलीत पाऊस पडू लागतो. घरी परतल्यावर स्टॉकर जमिनीवर पडून रडतो. कुणाचाच कशावर विश्वास उरला नाही, हे त्याचे दुःख. बायको त्याला मुलासारखे झोपवते आणि मग आपल्याकडे वळून सांगते की या माणसाबरोबर दुःखच वाट्याला येणार हे तिला आधीपासून ठाऊक होते, तरी तिला पश्चात्ताप नाही. खोलीत न दिसलेला चमत्कार तो हाच, असे मला वाटते.

‘स्टॉकर’ पाहायचा ठरवलात तर आधी लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातली तेरा ते पस्तीस ही वचने वाचून घ्या. चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपास आहे. सलग पाहा, मध्ये थांबवू नका.